पिशवी फेकू की शिवू?

चिखलीतल्या माझ्या दुकानावर सुरुवातीला 'मराठी-इंग्रजी टायपिंग' अशी पाटी होती. मग ती पुसून 'डी.टी.पी. व लग्नपत्रिका' झाली, त्यानंतर 'फ्लेक्स बॅनर अर्जंट'. आता पाटी कोरी आहे. आता मी जे करतो त्याला मराठीत शब्द नाही, आणि इंग्रजीत जो आहे तो पेंटरला लिहिता आला नाही. त्याने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा वेगळं स्पेलिंग निघालं आणि मला तिन्ही बरोबर वाटली. शेवटी पांढरा रंग मारून घेतला.

काम असं आहे. कोणाला काही लिहायची हौस असते, म्हणून तो इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग काढतो. ब्लॉग म्हणजे आतल्या गावात बांधलेलं घर समजा. घर चांगलं असतं, दार उघडं असतं, चहाचं आधण ठेवलेलं असतं, पण तिकडे एस.टी. जात नाही. माणसं सगळी फाट्यावर. हा फाटा म्हणजे तुमच्या मोबाईलमधलं ते निळं अ‍ॅप आणि ते हिरवं अ‍ॅप. नावं घेत नाही, त्यांची फुकट जाहिरात करायला ते माझे सोयरे नाहीत. मी त्या फाट्यावर उभा राहून ओरडतो, लोकांना काळी-पिवळीत कोंबतो आणि ब्लॉगच्या दारात नेऊन उतरवतो. काळी-पिवळीचा ड्रायव्हर करतो तेच, फक्त पंख्याखाली बसून.

त्यासाठी हत्यारं आहेत. एक यंत्र ठरल्या वेळी आपोआप पोस्ट टाकतं. दुसरं सांगतं की लोक कोणते शब्द शोधत आहेत. तिसऱ्याला पैसे भरले की ते आपली पोस्ट अनोळखी माणसांच्या डोळ्यांपुढे नेऊन धरतं. याला आम्ही 'बूस्ट मारणं' म्हणतो. चौथं हिशेब देतं, की किती जणांनी अंगठा दिला, किती जणांनी कॉमेंट केली, किती जणांनी पुढे पाठवलं. या सगळ्याला मिळून धंद्यात 'एंगेजमेंट' म्हणतात. एकदा मी एका गिऱ्हाइकाला सांगितलं की या महिन्यात तुमची एंगेजमेंट चांगली झाली. त्याचे वडील बाहेर बाकावर बसले होते. ते आत आले आणि म्हणाले, "कोणाच्या पोरीसंग?"

गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची. एक कवी दर सोमवारी यायचे आणि लोक कविता का वाचत नाहीत याचा मला जाब विचारायचे. मी त्यांना सांगायचो की माणूस दारापर्यंत आणून सोडणं माझं काम, घरात बसवून ठेवणं तुमचं. त्यांनी त्यावरही कविता केली. तीही कोणी वाचली नाही.

दुसरे एक शेतीतले एम.एस्सी. होते. त्यांच्या लेखाचं नाव होतं 'सोयाबीन पिवळे पडण्याची कारणमीमांसा'. लेख उत्तम, वाचक शून्य. मी यंत्राला विचारलं तेव्हा गंमत कळली. आपल्याकडचा माणूस टाइप करत नाही, फोन तोंडाशी धरून विचारतो, "सोयाबीन पिवळं काऊन पडलं?" फोनला आपलं 'काऊन', म्हणजे 'का', कळत नाही. तो 'कौन' ऐकतो. म्हणजे आमच्या जिल्ह्यातून सोयाबीन पिवळं कोण पडलं अशी विचारणा वर जात होती आणि वरच्यांनाही त्याचं उत्तर माहीत नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, शीर्षकात 'कौन' लिहा. त्यांना राग आला आणि तो बरेच दिवस टिकला. मग पिकाचा हंगाम आला तेव्हा त्यांनी गुपचूप लिहिलं. वाचक धो धो आले. पुण्याहून त्यांच्या मेहुण्याचा फोनही आला, की तुमच्याकडे हिंदी कधीपासून लागू झाली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की आमच्या धंद्यात शब्द कोणता निवडला यावर सगळं चालतं, हे मला माहीत होतं. तायडे सिस्टर दुकानात आल्या तेव्हाही माहीत होतं.

शीला तायडे अमडापूरजवळच्या उपकेंद्रात नर्स होत्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. आजूबाजूच्या गावांतली निम्मी जनता त्यांच्या हातावर जन्मली असेल. निवृत्तीनंतर भाचीने त्यांना 'सिस्टर सांगतात' नावाचा ब्लॉग काढून दिला आणि ती नोकरीला नागपूरला निघून गेली. ब्लॉगला दोन वाचक होते, एक सिस्टर आणि दुसरी भाची. सिस्टर म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, सारी नोकरी मी घरोघर हिंडून सांगतलं. आता गुडघे चालत नाहीत, म्हणून लिहून राह्यली. पण लिहिलेलं बायांपर्यंत पोचत नाही."

काय पोचवायचं आहे, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलं आणि मी जी मान खाली घातली ती त्या उठेपर्यंत वर केली नाही. विषय बायकांच्या पिशवीचा होता. गर्भाशयाला आपल्याकडे पिशवी म्हणतात. पाळीचा त्रास सुरू झाला, अंगावरून जास्त जाऊ लागलं, की कोणीतरी म्हणतं पिशवी काढून टाका. कधी ती काढावीच लागते आणि तेव्हा काढलीच पाहिजे, असं सिस्टरांचंही म्हणणं होतं. पण कितीतरी बाया तिशी-पस्तिशीत, दुसरीकडे दाखवल्याशिवाय काढून मोकळ्या होतात. कटकट मिटली म्हणून घरचे खूश, तीही खूश. मग कोणाची हाडं दुखू लागतात, कोणाच्या अंगातून वाफा निघतात, शेतात निंदणाला गेलं तर ओळ पुरी होत नाही, आणि हे कशामुळे ते कोणी सांगत नाही. काढण्याआधी आणखी एका डॉक्टरला विचारा, एवढंच सिस्टरांना सांगायचं होतं.

माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी हा विषय मी बायकोशीही मोठ्याने बोललेलो नव्हतो. मी सिस्टरांना सुचवलं की आपण 'गर्भाशय' लिहू या, जरा बरं दिसतं. त्या म्हणाल्या, "गर्भाशय पुस्तकात असते, प्रकाशभाऊ. इकडच्या बाईले पिशवी असते." मग मी 'पिशवी' टाइप केलं.

पहिले दोन महिने आम्ही जे टाकलं त्याला एकही अंगठा पडला नाही. हिशेबाचं यंत्र सांगायचं की थोड्या बाया येतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. पण अंगठा नाही, कॉमेंट नाही, पुढे पाठवणं नाही. आणि ज्याला अंगठा नाही ते यंत्र पुढे कोणाला दाखवत नाही, असा त्याचा कायदा आहे. कारण सिस्टरांनी एका वाक्यात सांगितलं. अंगठा दिला की नाव दिसतं, आणि त्याच फाट्यावर दीर-भासरे बसलेले असतात. अंगावरून जाण्याच्या लेखाला कोणती सून अंगठा देईल? सिस्टरांच्या भाचीनेही दिला नव्हता.

शेवटी बूस्ट मारायचं ठरलं. बूस्ट मारताना यंत्र विचारतं, ही पोस्ट कोणत्या आवडीच्या लोकांना दाखवू? मी 'पिशवी' लिहिलं. यंत्राने पर्याय दिले, कापडी पिशव्या, पर्स, हातपिशव्या, शिवणकाम. यातलं एकही आमच्या कामाचं नव्हतं, पण शिवणकाम करणाऱ्या निदान बाया तरी असतील असा विचार करून मी सगळ्यांवर खूण केली. पोस्टचं नाव होतं 'पिशवी काढण्याआधी एकदा विचारा'.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर कॉमेंटांचा पाऊस. 'भाव काय?' 'शंभर नग घेतले तर कमी होतील का?' 'नाव छापून मिळेल का, बारशात द्यायच्या आहेत.' 'बंद केवढे लांब?' प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद झाल्यापासून कापडी पिशव्यांना मागणी आहे, हे मला त्या दिवशी नीट कळलं. आणि प्रत्येक कॉमेंटखाली एकाच माणसाचं उत्तर होतं: 'कापडी पिशव्या होलसेल, बाजारपेठ, चिखली. गजानन सोळंके.' हा गजानन मला तोंडओळखीने माहीत होता. दुपारी त्याचा आभाराचा फोन आला. 'काढण्याआधी विचारा' म्हणजे ऑर्डर काढण्याआधी विचारा, असा त्याचा समज झाला होता.

सिस्टर आल्या तेव्हा मी सगळी घाण साफ करायला बसलो होतो. 'हा ब्लॉग पिशव्या विकत नाही' असं आपोआप जाणारं उत्तरही तयार केलं होतं. सिस्टर चष्मा लावून एकेक कॉमेंट वाचू लागल्या. एका ठिकाणी थांबल्या. तिथे लिहिलं होतं: 'माझी पिशवी बारा वर्षाची आहे. महिन्यातून पंधरा दिवस गळते. दुकानदार म्हणते फेकून द्या. फेकू की शिवू?'

मी ती कॉमेंट आधीच वाचली होती आणि मनात म्हटलं होतं, ही काय पिशवी, उरलेले पंधरा दिवस बरी गळत नाही. सिस्टरांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, हे पिशवी नाही. हे बाई हाये."

मग त्यांनी मला उत्तर सांगितलं आणि मी टाइप केलं: 'ताई, लगेच फेकू नका. आधी आतलं अस्तर कसं आहे ते तपासून घ्या. आणखी एका दुकानात दाखवा. बऱ्याच वेळा नुसत्या रफूवर भागतं.' आपोआप जाणारं उत्तर मी बंद करून टाकलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मला कोणत्याही ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. बायांना आडोसा सापडला. पिशवीचा भाव विचारणाऱ्या पुरुषांच्या गर्दीत उभं राहून त्या आपली पिशवी दाखवू लागल्या. पिशवीचं वय म्हणजे लग्नाला झालेली वर्षं, हे सिस्टरांनी मला समजावलं. एकीच्या पिशवीत गाठ होती. एकीच्या पिशवीच्या तोंडाला चीर पडली होती आणि दुकानदार म्हणत होता की पुढे फार खराब होईल. एकीची पिशवी उचलायला गेलं की खाली सरकायची. त्यावर एका सज्जन गृहस्थाने मनापासून सल्ला दिला की बंद आखूड करून घ्या. मी ते पुसायला निघालो तर सिस्टर म्हणाल्या, राहू द्या, तसं पाहिलं तर चुकीचं नाही सांगितलं त्यानं.

सिस्टर पिशवीच्याच भाषेत उत्तरं द्यायच्या आणि शेवटी ब्लॉगवर यायला सांगायच्या. तिथे सगळं उघड लिहिलेलं होतं. बाया यायच्या, वाचायच्या. आता त्या अंगठेही देऊ लागल्या, कारण कापडी पिशवीला अंगठा देण्यात काय लाजायचं? यंत्र खूश झालं आणि पोस्ट आणखी लोकांना दाखवू लागलं. दीर-भासरे तिथेच बसलेले होते, पण त्यांना वाटायचं बाया पिशव्या घेतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. मला या कामाचा फार अभिमान वाटत होता, आणि धंद्यातल्या दोघा-तिघांना मी आकडे दाखवलेही, फक्त हे कशाचे आकडे ते सांगितलं नाही. काही बाया एकदाच लिहून गेल्या आणि परत दिसल्या नाहीत. त्यांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही, आणि याचं वाईट अजून वाटतं.

एवढ्यात सिस्टर डोळे दाखवायला बुलढाण्याला गेल्या आणि दोन दिवस तिथेच राहिल्या. परत आल्यावर सकाळीच त्यांचा फोन आला की पान उघडा आणि बैलजोडी पाहा.

बैलजोडी म्हणजे एका कॉमेंटवाल्याचा फोटो होता, पोळ्याला सजवलेले दोन बैल. नाव 'संग्रामपूरचा वाघ'. अर्थात वाघ हा नवरा होता. लिहिणारी त्याचा फोन मिळेल तेव्हा लिहीत होती. तिने लिहिलं होतं: 'ताई माझी पिशवी नऊ वर्षाची आहे. लय गळते. उचलली की कंबर धरते. दुकानदाराने शुक्रवार दिला. घरचे म्हणतात फेकून मोकळी हो. पण लेकरू एकच आहे. फेकू का?'

घाईत तिच्या हातून लेकरू पिशवीच्या बाहेर पडलं होतं. कोणीही पाहिलं असतं तर कळलं असतं. पण सिस्टर नव्हत्या, मी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरमध्ये गुंतलो होतो, आणि गजानन जागा होता. त्याने उत्तर दिलं होतं: 'ताई गळकी पिशवी ठेवून काय करता? फेकून द्या बिनधास्त. आपल्याकडून नवी न्या. लेकरासाठी एक छोटी पिशवी फ्री.'

खाली वाघाचा अंगठा होता आणि दोन शब्द: 'बरं भाऊ.'

तो दिवस बुधवार होता. सिस्टरांनी ताबडतोब 'फेकू नका' असं लिहिलं. उत्तर नाही. दुपारी पुन्हा लिहिलं. उत्तर नाही. फोन नवऱ्याच्या खिशात असणार. सरळ निरोप पाठवावा तर तो वाघच वाचणार, आणि मग बाईचं विचारणंही बंद होणार. सिस्टर म्हणाल्या, आपण संग्रामपूरला जाऊ. मी म्हटलं, जाऊन काय करणार, तालुक्यात बैलजोडी कोणाकडे आहे असं विचारत फिरायचं?  मी त्यांना इतकं हतबल कधी पाहिलं नव्हतं. 

मग धंद्याने शिकवलेली एक गोष्ट आठवली. माणूस फाट्यावर ज्याचं ऐकून एकदा गाडीत बसतो, त्याच्याच सांगण्यावरून उतरतो. बाईने 'बरं' सिस्टरांना म्हटलं नव्हतं, गजाननला म्हटलं होतं. शब्द मागे घ्यायचा तर त्यानेच घ्यायला हवा होता. आम्ही दोघं बाजारपेठेत त्याच्या दुकानात गेलो.

दुकान म्हणजे पुढे पिशव्यांच्या थप्प्या आणि मागे शिलाई मशीन. मशीनवर त्याची बायको मंगला पिशव्यांना बंद लावत होती. ऑर्डर घेऊन आलो असं समजून गजाननने चहा सांगितला. मी तागे बघत उभा राहिलो, बोलल्या त्या सिस्टरच.

सगळं ऐकून गजानन म्हणाला, "सिस्टर, तुमी कोनत्या पिशवीचं बोलून राह्यल्या?"

"बाईच्या."

त्याने फोन काढला. आतापर्यंत दिलेली आपली सगळी उत्तरं तो वर सरकवून वाचू लागला. पुष्कळ होती. होलसेलचा माणूस, कोणाला नाही म्हणत नसे. वाचता वाचता त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चहा आला तो तसाच राहिला.

मागे मशीन थांबलं होतं. मंगलाने मान वर केली नाही. हातातल्या पिशवीचा बंद सरळ करत ती म्हणाली, "मलेबी असंच म्हणले होते तुमी. काढून टाक, मोकळी हो म्हणे."

गजानन म्हणाला, "मले काय माहीत होतं. डाक्टर म्हणे काढा, मी म्हणलो काढा."

सिस्टरांनी तिला विचारलं, तेव्हा वय काय होतं. "एकतीस," मंगला म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. तिची कंबर का दुखते आणि ती दर तासाला उठून उभी का राहते, याचा दुकानात कोणी कधी विचार केला नव्हता, हे गजाननने मला नंतर स्वतः सांगितलं.

मी म्हटलं, उत्तर मी टाइप करून देतो. त्याने फोन दिला नाही. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं. मध्ये फक्त एकदा सिस्टरांना विचारलं, की दाखवायचं कुठं. मग आम्हाला वाचून दाखवलं: 'ताई मी पिशवीवाला. मी चुकीचं बोललो. शुक्रवारी जाऊ नका. सरकारी दुकानात दाखवा, तिथं बाई पाहते. पिशवी एकदा फेकली की परत मिळत नाही. माझ्याकडे पण नाही.'

एक अक्षर बदलायची गरज नव्हती. त्याने ते पाठवलं, आणि मग दुसरं गिऱ्हाईक आलं तरी तो फोनच पाहत बसला.

गुरुवारी काही आलं नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी मी पुढाऱ्याच्या बॅनरवर त्याच्या विरोधकाचं नाव छापलं आणि तो बॅनर पुन्हा काढून द्यावा लागला. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. ज्या बाईचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलं नाही, तिच्यासाठी मी दर थोड्या वेळाने पान उघडून बैलजोडी शोधत होतो. सिस्टरांचा फोन यायचा, मी 'नाही' म्हणायचो, त्या 'बरं' म्हणायच्या. शनिवारी गजानन माझ्या दुकानात येऊन बाकावर बसून गेला. आमच्या यंत्राला विचारलं तर ते सांगत होतं की या आठवड्यात तुमच्या पानाची कामगिरी अतिशय उत्तम आहे.

पुढच्या आठवड्यात केव्हातरी दुपारी वाघ परतला. लिहिलं होतं: 'भाऊ, शुक्रवारी म्हणलं पोट बिघडलं, गेलीच नाही. मंगळवारी सरकारी दुकानात दाखवली. तिथल्या बाई म्हणल्या पिशवी चांगली आहे, अस्तर जाड झालं, औषधानं भागते. लेकरासाठी छोटी पिशवी फ्री म्हणले होते ते विसरू नका.'

मी सिस्टरांना फोन करून वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. मग त्या म्हणाल्या की गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने गजानन धावत आला आणि मी काही पाहिलंच नाही असं समजून मला फोन दाखवू लागला. मीही पाहिलं नाही असं दाखवलं. आम्ही दोघांनी चहा घेतला. त्या दिवसापासून कोणी भाव विचारला की तो आधी लिहितो, 'कोणती पिशवी, नीट सांगा'. यामुळे त्याची काही गिऱ्हाइकं गेली असणार.

गोष्ट इथे थांबली असती तर माझ्या धंद्याच्या दृष्टीने फार बरं झालं असतं. आडोसा शाबूत होता, वाचक वाढत होते. पण दोन दिवसांनी वाघाच्या त्या शेवटच्या कॉमेंटखाली आणखी एक कॉमेंट आली. तिच्यावर बैल नव्हते, फूल नव्हतं, देवाचा फोटोही नव्हता. एका बाईचा स्वतःचा फोटो होता, शिलाई मशीनजवळ काढलेला. नाव पूर्ण होतं, मंगला गजानन सोळंके.

'माझी गर्भाची पिशवी एकतिसाव्या वर्षी काढली. गाठ नव्हती. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं असते हे मला माहीत नव्हतं. आमच्या यांना पण नव्हतं. बायांनो, विचारा.'

त्या पानावर 'गर्भाची' हा शब्द कॉमेंटमध्ये पहिल्यांदा आला होता. मी हादरलो. आता दीर-भासरे वाचणार, मागच्या सगळ्या पिशव्या त्यांना एका क्षणात कळणार, वाघालाही कळणार, आणि ज्या बाया इतक्या मुश्किलीने फाट्यावर आल्या होत्या त्या घरात निघून जाणार. कॉमेंट लपवायचं एक बटण असतं. लिहिणाऱ्याला कळतही नाही की आपलं लिहिलेलं दुसऱ्या कोणाला दिसत नाही. मी सिस्टरांना फोन लावला आणि त्या उचलेपर्यंत त्या बटणावर बाण नेऊन ठेवला.

सिस्टरांनी फोन उचलला. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, लपवू का?  त्या काही बोलायच्या आत कॉमेंटखाली पहिला अंगठा पडला. कोणाचा ते पाहिलं. गजानन सोळंके, कापडी पिशव्या होलसेल, बाजारपेठ, चिखली.